दुसऱ्यांदा येणारा माणूस

शिबिर दुपारी अडीचचं होतं. देवळाच्या सभामंडपात खुर्च्या मांडल्या होत्या, समई तेलवात घालून तयार होती आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, कारण माईक हातात घेतल्यावर शिक्षिका अडखळत नाही अशी गावाची एक समजूत असते. पाहुणे उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग ‘वेळेअभावी दोनच शब्द’ म्हणत केलेली लांबलचक भाषणं. ‘संतुलित पशुआहार’ हा खरा विषय पडद्यावर आला तेव्हा चार वाजून गेले होते. सर जाणकार होते, हातचं राखून सांगणारे नव्हते. पण पडद्यावर कोरडा पदार्थ, पचनीय प्रथिनं, टक्केवारी अशा तक्त्यांमागून तक्ते सरकत होते. साडेचारच्या सुमारास मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन बाहेर पडली. तिच्यामागून दुसरी. मग दोघी एकदम. पाच वाजता मंडपात उरले ते बहुतेक पुरुष, त्यातलेही निम्मे शेवटी योजनेचे फॉर्म वाटणार आहेत म्हणून बसलेले. चहा घेताना सर मला म्हणाले, “बघितलंत ना मॅडम? यांना शिकायचंच नसतं. अनुदान म्हटलं की मात्र रांग लागते.” ते चिडून बोलले असते तर मी घरी येईपर्यंत विसरून गेले असते. ते थकून बोलले. म्हणून ते वाक्य डोक्यात राहिलं.

गाय पाच वाजता पान्हा सोडते.

उठून गेलेल्या बायका धारेला गेल्या होत्या. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांवर संध्याकाळचं घड्याळ दूध संस्थेचं असतं. साडेपाचला संस्थेचं दार उघडतं, पावणेसातला बंद होतं, आणि नंतर आलेलं दूध घरी परत न्यावं लागतं. वेळ पाळायची म्हणजे त्याआधी गोठा झाडायचा, कास कोमट पाण्याने धुऊन पुसायची, वासरू सोडायचं, ओढून बांधायचं, धार काढायची, दूध गाळायचं आणि बरणी घेऊन चढण चढायची. संस्था म्हणजे एक खोली, एक ट्यूबलाइट, स्टीलचं टेबल आणि दूध तपासायचं यंत्र. नमुना घातला की यंत्र जरा गुरगुरतं आणि कागदाची अरुंद चिठ्ठी बाहेर येते. तिच्यावर बरंच काही छापलेलं असतं. पण रांगेतल्या बायका वाचतात ते दोनच आकडे, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातला बाकीचा घन भाग. गाईच्या दुधाला 3.5 आणि 8.5 लागलं की चिठ्ठी घडी घालून कनवटीला जाते. त्याखाली आलं की तिथेच उभ्या उभ्या तपास सुरू होतो. काय घातलं होतंस? तण संपलं काय? पाऊस लागल्यावर बांधावरचं कोवळं गवत भाराभर घातलंस काय? भाताचं तण, म्हणजे पेंढा, कमी पडलं आणि नुसतं कोवळं हिरवं गेलं की फॅट उतरतो, हे आमच्या वहिनीला त्या चिठ्ठ्यांनीच शिकवलं. का उतरतो ते ठाऊक नाही, उतरतो ते ठाऊक आहे.

आणि गंमत अशी, की सर पडद्यावर नेमकं तेच सांगत होते. गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जंतू असतात, ते धागेदार चारा आंबवतात, त्यातून जे आम्ल तयार होतं त्यापासून कासेत स्निग्धांश बनतो. धागा कमी पडला की ते आम्ल कमी आणि दुधाचा फॅट कमी. म्हणजे त्या चिठ्ठीवरच्या आकड्याचा अर्थच तक्त्यात होता. फक्त तो सांगितला जात होता त्याच घटकेला ती चिठ्ठी घ्यायला बायका उठून गेल्या होत्या. सरांना मी हे तेव्हा सांगू शकले नाही. माझ्या हातात आभारप्रदर्शनाची यादी होती आणि तिच्यात मंडपवाल्याचं नाव राहिलं होतं.

माझ्या लहानपणी दूध हा विकायचा जिन्नस नव्हता. आजीच्या गोठ्यात सात-आठ गावठी गुरं असायची आणि ती मुख्यतः शेणासाठी होती. शेण शेताला, शेण कुळागराला म्हणजे पोफळीच्या बागेला, शेण अंगणाला. दूध निघालं तर चहापुरतं आणि देवापुरतं. सकाळी राखणो यायचा, वाड्यावरची सगळी गुरं गोळा करून डोंगरावर न्यायचा. दुपारी ती गोठणीवर सावलीला बसायची, संध्याकाळी आपापल्या घरात शिरायची. गोरवांच्या पाडव्याला त्यांना न्हाऊ घालायचं, शिंगं रंगवायची, गळ्यात झेंडूचे हार, पुढ्यात पोळे. त्या गाईंना आजाराची सवयच नव्हती असं आजी म्हणायची, त्यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी बरंचसं खरं होतं. त्यांच्यातलीच नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत, पापणीच्या केसांसकट पांढरी असणारी जी जात, तिची आता ‘श्वेता कपिला’ या नावाने गोव्याची स्वतंत्र देशी गाय म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत नोंद झाली आहे. जुने गोव्यातल्या एला इथल्या संशोधन संस्थेच्या लोकांनी त्यासाठी गावोगाव हिंडून मोजमापं घेतली. बातमी वाचली तेव्हा मला अभिमान वाटला, आणि लगेच हसूही आलं. आजीच्या लेखी ती नुसती ‘धवी’ होती. दोन-तीन लिटरवर दूध नाही म्हणून पुढे आम्हीच तिची पिढी बंद केली.

त्या गाईबद्दल जे काही कळायला हवं ते आजीला कळत होतं. तिला शिबिर नको होतं. गरज पडली ती नवी गाय आल्यावर. आमच्याकडे ती खाणींच्या मागून आली. दादाचा खनिज वाहायचा टिपर होता. 2012 ला खाणी थांबल्या, मधे थोड्या हलल्या, 2018 ला पुन्हा ठप्प झाल्या. टिपर कर्जासकट गेला आणि कामधेनू योजनेतून घाटावरच्या दोन संकरित गाई दारात आल्या. एक चंद्री, काळी-बांडी, कपाळावर पांढरा ठिपका, कानात 12 आकड्यांचा पिवळा बिल्ला. गाडीतून उतरली तेव्हा ती धापा टाकत होती. एप्रिलचा महिना, हवेत घाम आणि पाणी यांचा फरक न कळण्याचा काळ. तिच्यातलं एचएफचं, म्हणजे होल्स्टीन फ्रीजियन या विलायती जातीचं रक्त थंड मुलुखातलं. उकाड्याने तिचं खाणं घटतं, दूध घटतं, माज दबतो. यातलं काहीही गाईबरोबर आलेल्या कागदांत नव्हतं. कागदांत विमा होता, पावती होती, गाईसोबत लाभार्थ्याचा फोटो होता. फोटोत दादा आहे. धार काढणारी वहिनी फोटोच्या वेळी गाईला पाणी आणायला गेली होती.

आजीचं शहाणपण इथे उलटंही पडायला लागलं. गावठी गाय व्याली की पहिला चीक काढून खरवस करायचा, शेजारी वाटी-वाटी पाठवायचा, हा आमच्याकडचा आनंदाचा रिवाज. संकरित वासराला पहिल्या तासा-दोन तासांत पोटभर चीक मिळाला नाही तर रोगप्रतिकारशक्ती त्याच्या अंगात पुरेशी येत नाही, पुढे हगवणीने ते हातचं जातं. दिवस उलटला की आतड्यातून ती शक्ती शोषली जाणंच थांबतं. गावठी वासरू धडपडत उठून स्वतःच आचळाला लागायचं, त्यामुळे खरवस झाला तरी निभावून जायचं. चंद्रीचं पहिलं वासरू असंच गेलं. खरवस मीही खाल्ला होता, वेलची जरा जास्त पडली होती.

दुसरं दुखणं माजाचं. गाय व्याल्यावर दोन-अडीच महिन्यांत पुन्हा भरवायला हवी, तर वर्षाला एक वासरू आणि दुधाचा हिशोब बसतो. चंद्री भरेचना. कृत्रिम रेतनाचं इंजेक्शन झालं, उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली. पुन्हा झालं, पुन्हा उलटली. वाड्यावर कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे गाय विका. दवाखान्यातून माणूस फोन केला की यायचा, नळकांड्यातल्या वाफाळत्या नायट्रोजनमधून वीर्यकांडी काढून काम करायचा आणि पुढच्या गावाला जायचा. त्याच्याकडे एवढी गावं होती की त्याला दोष देववत नाही. तो अचूक होता, फक्त वेळ चुकत होती, आणि वेळ सांगायचं काम आमचं होतं. ते आम्हाला येत नव्हतं.

मग भाऊ आले. पशुसंवर्धनातच आयुष्य घालवून निवृत्त झालेले, शेजारच्या गावचे, स्कूटरवर लोकरी टोपी घालून हिंडणारे. आले होते दुसऱ्याच कामाला, लग्नाची पत्रिका द्यायला. पाणी पिता पिता गोठ्याकडे गेले आणि बराच वेळ गाईच्या मागच्या बाजूला उभे राहिले. हात लावला नाही. मग स्वयंपाकघरातलं कालनिर्णय मागितलं. वहिनीला विचारलं, शेवटचं इंजेक्शन कधी? तिने सांगितलेल्या तारखेवर गोल केला, तिथून 21 दिवस मोजून दुसरा गोल केला, आणि त्या गोलाच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर फुल्या मारल्या. म्हणाले, “या फुल्यांच्या दिवसांत पहाटे चारला उठून बघायचं. बॅटरी घेऊन. ही हंबरणार नाही, दुसरीच्या अंगावर चढणार नाही. हिचा मुका माज आहे, तोही रात्रीचा. शेपटीला बघ, जमिनीवर बघ. अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट, स्वच्छ सोट दिसला की मला फोन कर. पहाटे दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.” वहिनीने मान डोलावली. एवढं सांगून ते गेले असते तरी चांगलंच होतं. असं नीट सांगणारे पूर्वीही येऊन गेले होते.

पहिल्या फुलीच्या दिवशी पहाटे स्कूटरचा आवाज आला.

ते आत आले नाहीत. अंगणात उभे राहून त्यांनी वहिनीला हाक मारली आणि बॅटरी तिच्याच हातात ठेवली. “तू बघ. मी बघून काय उपयोग?” त्या दिवशी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बॅटरीच्या उजेडात शेपटीच्या गोंड्याला काहीतरी चमकलं. ती म्हणाली, हेच ना? ते म्हणाले, बोटांत धरून ओढ. तार निघाली, तुटली नाही, गढूळ नव्हती. “हेच.” चंद्री त्या खेपेला भरली. आज आमच्या स्वयंपाकघरात सणवारांपेक्षा गोल आणि फुल्या जास्त असलेलं कॅलेंडर आहे आणि एकादशीच्या चौकटीत ‘तांबडीला बघणे’ असं लिहिलेलं असतं.

सरांचं वाक्य माझ्या मनात या पहाटेशी भांडत राहिलं. माहिती दोघांकडे होती, कदाचित सरांकडे जास्तच. भाऊंचं वेगळेपण इतकंच, की ते परत आले. कृषी विस्तार नावाचा जो काही शब्द फायलींत असतो त्याचा पहिला हप्ता सरकारी गाडीतून व्यवस्थित पोचतो. पत्रक मिळतं, भाषण होतं, बॅनर लागतो. पण माणूस शिकतो तो करून बघितल्यावर, आणि करून बघितल्यावर शंका येते ती आठवडाभराने, पहाटे चारला. तेव्हा विचारायला कोण आहे? चुकलं तर रागावणार नाही असं कोण आहे? एका पशुवैद्याच्या हद्दीत किती गावं येतात, त्यात लसीकरणाच्या मोहिमा, लाळ्या-खुरकूत, मधेच लम्पीची साथ, बिल्ले मारायचे, मोबाईलवर नोंदी चढवायच्या. दुसऱ्यांदा येणं कोणाच्याच कामाच्या तक्त्यात नसतं, कारण तक्त्यात ‘शिबिरं घेतली’ हा रकाना असतो आणि ‘पुन्हा गेलो’ असा रकाना नसतो.

अनुदानाच्या रांगेबद्दलही सरांशी माझा वाद आहे. रांग लागते, खरं आहे. पण तिच्यात कोण उभं राहू शकतं ते बघा. गोठा बांधायचा तर जागेचा कागद हवा. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव भाटकाराचं किंवा मोकाशाचं, म्हणजे जमीनमालकाचं, आणि घर त्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराचं. पिढ्यान् पिढ्या शेण सारवलेल्या जमिनीवर चार पत्रे घालायचे तर ना-हरकत दाखला कोणाचा आणायचा? आमचं निभावलं, कारण दादाला तालुक्याला खेपा घालायला वेळ होता आणि टिपरमुळे ओळखीही होत्या. पलीकडच्या वाड्यावरच्या जयूच्या एका गाईला अजून पावसाळ्यात ताडपत्रीच आहे. ती शिबिरालाही येत नाही. मी विचारलं तर म्हणाली, “सहीला नाव लागतं गे बाय, माझ्या नावाचं काय आहे?” मी अनुदानाच्या विरोधात मुळीच नाही. दुधाच्या दरावर गोवा सरकार 40 टक्के प्रोत्साहन देतं, ते नसतं तर आमच्याकडचे निम्मे गोठे केव्हाच स्कूटर ठेवायच्या जागा झाले असते. घाटावरून पिशव्यांतून येणाऱ्या दुधाशी आमचं दूध दरात टिकणं कठीण. तिथे चारा शेतात उगवतो, इथे तो ट्रकमधून येतो.

चारा हे तर गोव्याचं जुनं रडगाणं. डोंगर काजूखाली गेला, गोठणीवर घरं झाली, राखण्याची पोरं पर्वरीला आणि वेर्ण्याला कामाला लागली. जंगलात गुरं सोडायला लोक घाबरतात, ती भीती उगाच नाही. 2015 पासून सत्तरीत माकडताप शिरला, गोचिडीमार्फत येतो. आणि 2020 च्या जानेवारीत गोळावलीला म्हादईच्या अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले, तेव्हा सगळा देश हळहळला. मीही हळहळले. पण वाघाने मारलेल्या गुराची भरपाई हातात पडेपर्यंत घरात काय शिजतं, हा प्रश्न वाड्यावर त्याच आठवड्यात चालला होता. दोन्ही दुःखं एकाच वेळी मनात ठेवणं अवघड जातं, आणि कोणी एक निवडायला सांगितलं की माझी चिडचिड होते.

तर चारा. मधे मातीशिवाय मका उगवायच्या यंत्रांची लाट आली होती. थंड खोलीत ट्रे, वरून पाण्याचे फवारे, सात-आठ दिवसांत वीतभर हिरवीगार गादी. एक किलो मक्याचा पाच-सहा किलो चारा होतो असं सांगायचे. ते खोटंही नव्हतं. बघायला आम्ही सगळ्या गेलो होतो, गाई ते आवडीने खायच्या, मुळांसकट. पण वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचं. कोरडा ऐवज होता तेवढाच, उलट अंकुरताना थोडा कमीच. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला हिरव्याची चव म्हणून ठीक, पोट भरायला नाही. हा हिशोब स्वच्छ मांडला असता तर लोकांनी यंत्राकडून नको त्या अपेक्षा केल्या नसत्या. वीज, बुरशी आणि दुरुस्तीवाला या तीन गोष्टींत मी पाहिलेलं यंत्र अडकलं. आता त्या खोलीत पेंडीची पोती आहेत.

त्याउलट जी गोष्ट टिकली ती बघायला कोणी फोटोवाला येत नाही. बांधाच्या कडेला, न्हाणीच्या सांडपाण्यावर, दोन हाताच्या पट्टीत लावलेला संकरित नेपियर. कृषी विज्ञान केंद्रातून कोणीतरी कधीतरी मूठभर कांड्या आणल्या, तिथून त्या कुंपणावरून कुंपणावर गेल्या. आज कोणाकडून आल्या हे कोणाला सांगता येत नाही. काजूच्या दिवसांत भट्टीवर बोंडांचा रस काढून उरलेला चोथा पूर्वी उकिरड्यावर जायचा. तो वाळवून खाद्यात थोडा मिसळता येतो, यावर इथल्याच संशोधकांनी काम केलेलं आहे. वाळवून, हे महत्त्वाचं. आमच्या शेजाऱ्याने ओलाच घातला, दोन दिवस पडून आंबलेला, आणि त्याच्या गाईने संध्याकाळभर जो तोल सांभाळायचा प्रयत्न केला तो वाड्यावर अजून सांगितला जातो.

कुंपणावरून जाणारं ज्ञान मला फार विश्वासाचं वाटतं, आणि त्याची भीतीही वाटते. पावसाळ्यात गोठ्याची जमीन वाळतच नाही, कासेला सूज यायची ती तेव्हा. वहिनीची पद्धत अशी होती की धार काढताना सगळं आंबोण पुढ्यात, गाय गप्प राहते. धार झाली की गाय तृप्त होऊन ओल्यात बसायची. आचळाचं तोंड धारेनंतर अर्धा तास तरी उघडं असतं, त्यातून घाण आत जाते, म्हणून निम्मं खाणं धारेनंतर घालायचं, ती खात उभी राहते, हे तिला संस्थेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईने सांगितलं. पैशाचा खर्च शून्य. तिने जयूला सांगितलं, जयूने तिच्या जावेला. पण त्याच रांगेतून ‘सूज आली की गेल्या वेळचं उरलेलं इंजेक्शन टोचायचं’ हेही फिरतं. अर्धवट प्रतिजैविक, दूध मात्र त्याच संध्याकाळी संस्थेत. हे चूक आहे असं सांगणारं त्या रांगेत कोणी नसतं. पुतण्या मोबाईलवर हरयाणातल्या गोठ्यांचे व्हिडिओ दाखवतो, त्यांत म्हशी चाळीस-चाळीस, चारा कापायचं यंत्र, मालक जीपमधून उतरतो. तो बघताना त्याचे डोळे चमकतात आणि व्हिडिओ संपला की तो कळंगुटला टॅक्सीवर जातो. त्याला मी काही म्हणत नाही. बांधलेल्या गाईला रविवार नसतो.

शिबिरानंतर काही दिवसांनी मी संध्याकाळी संस्थेच्या पायरीवर जाऊन बसले. दूध मापून झालं की बायका पाच-दहा मिनिटं थांबतात, तेवढाच त्यांचा दिवसातला मोकळा वेळ. शिबिरात काय विचारणार होतात, असं विचारलं. सुरुवातीला हसल्या, मग थांबेनात. वही भरली. पावसात खुराच्या बेचक्यात होणाऱ्या जखमेवर काय लावायचं. मिनरल मिक्स्चर महाग, अंड्याची कवटी भाजून घातली तर चालते काय. नर वासरू झालं की त्याचं काय करायचं, वाळपईच्या रस्त्यावर सोडायला मन होत नाही आणि पोसायला परवडत नाही. आता मादीच होईल अशा कांड्या निघाल्यात म्हणतात, खरं काय, आपल्याकडे मिळतात काय. एवढ्या वर्षांच्या शिक्षकीत माझ्या वर्गातून एका तासाला इतके प्रश्न कधी आले नव्हते. दवाखान्यात नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरबाईंना मी वहीची पानं फोटो काढून पाठवली. त्यांनी रात्री आवाजातच उत्तरं रेकॉर्ड करून पाठवली, घरच्या कोंकणीत, एकेका प्रश्नाला मिनिटभर. दुसऱ्या दिवशी संस्थेचा सचिव ती मोठ्याने लावून बसला. मग त्या स्वतः आल्या, सहा वाजता, पायरीवर बसल्या. आणि पुन्हाही आल्या.

एका प्रश्नावर मात्र त्याही अडल्या. व्यायच्या आधीचे दोन महिने गाय आटवायची आणि त्या काळात तिला नीट खायला घालायचं, पुढच्या वेताचं दूध आणि पोटातलं वासरू दोन्ही त्यावर अवलंबून, हे त्यांनी छान समजावलं. जयू म्हणाली, “खाद्याचं पोतं संस्था उधार देते, दुधाच्या बिलातून कापून घेते. माझी एकच गाय. ती आटली की बिल नाही, बिल नाही तर पोतं नाही. मग खायला काय घालू?” डॉक्टरबाईंनी सचिवाकडे बघितलं. सचिव म्हणाला नियम आहे, संचालक मंडळापुढे ठेवावं लागेल. ठेवलं की नाही ते अजून कळलेलं नाही.

या महिन्यात वहिनीच्या खात्यावर दोन पोती जास्त लागली आहेत. चिठ्ठी बघून दादाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “जयूच्या गाईची आहेत ती. व्याली की फेडील.” गाय फेडील की जयू, ते दादाने विचारलं नाही. त्याने चिठ्ठी परत कॅलेंडरच्या खिळ्याला टोचली आणि कात घालून विडा लावायला बसला.